हिरवी टाचणी

आता तुम्ही नीट मांडी घालून बसला असाल. बेकारी, बोटं गेलेला भाऊ, कोल्हापूर, एवढं कानावर पडलं की वाचणाऱ्याचा हात आपोआप रुमालाकडं जातो, हे मला पाठ हाय. तुम्हाला वाटत असेल, आता हा सांगणार की एक देवमाणूस भेटला, त्यानं खांद्यावर हात ठेवला आणि आमच्या घरात दिवा लागला. रुमाल खिशात घाला. दिवा आमच्या घरात आधीपासनंच होता, चाळीसचा बल्ब, आणि ज्या माणसानं आमच्या खांद्यावर हात ठेवला त्याच्या दुसऱ्या हातात टाचणी होती. देवमाणसं पायजे असतील तर दुसऱ्या कुणाचं तरी आत्मचरित्र घ्या. तिथं चिक्कार असत्यात.

मुरगूडात शाळा, तिथंच कसंबसं बी.ए. आणि मग नोकरी शोधायला म्हणून कोल्हापुरात आत्तीकडं येऊन पडलेलो मी. अंगात गुण एकच, नकला. हेडमास्तरांची नक्कल करून एकदा अख्ख्या शाळेला मी अर्धी सुट्टी दिलती. चंदगडची एसटी पावसात घाट चढताना कशी कण्हते ते मी असं काढायचो की आत्ती म्हणायची, बंद कर, पोटात ढवळायला लागलंय. पण नकला ह्या गुणाला नोकरीच्या फॉर्मात रकाना नसतोय. त्यामुळं मी बेकारच होतो, आणि बेकार माणूस जितका मोकळा असतो तितकाच आगाव असतो.

आत्तीचं घर उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या, पुढं पत्र्याचा आडोसा. घराच्या डाव्या भिंतीला लागून लेथचं शेड आणि उजव्या भिंतीला लागून डंक. डंक म्हणजे मिरच्या कुटायचं यंत्र, चार लोखंडी मुसळं पट्ट्यावर वरखाली नाचायची, धाड धाड धाड, आणि वाळल्या मिरचीचा तो ठसका भिंतीतनं गाळून आमच्या ताटात यायचा. चटणीच्या दिवसांत सगळी गल्ली तोंडाला पदर नायतर टॉवेल लावून हिंडायची. डंकावर मिरच्या घेऊन गेलं की तोंड उघडायची सोय नसायची, शब्द बोलायला गेला की शिंक यायची. दिवसभरात मी गप्प बसायचो ती तेवढीच वेळ, म्हणून डंकाचं काम आत्ती आवर्जून मलाच सांगायची. डावीकडनं मात्र लेथचा आवाज यायचा, लांब, बारीक, चर्रर्र करत जाणारा, आणि त्या आवाजावर आमची जेवणं व्हायची. जोंधळ्याची भाकरी, वरण्याची आमटी, कांदा-लसणाची चटणी आणि वर लेथ.

आत्तीचा थोरला, बंडादादा, ह्याच लेथवर वाढलेला. टर्नर. चांगला म्हणजे असा, की जेवता जेवता घास हातात धरून थांबायचा आणि भिंतीकडं बघून म्हणायचा, "टूल बोथट झालंय त्याचं." थोड्या वेळानं पलीकडची लेथ बंद पडायची आणि शेडातला माणूस टूल घासायला उठल्याचं ऐकू यायचं. मला हे जादूसारखं वाटायचं. दादाला त्यात काय विशेष वाटायचं न्हाय. मग एका कारखान्यात लेथ सोडून त्याला दोन दिवस पत्रा कापायच्या प्रेसवर उभं केलं, माणूस कमी हाय म्हणून, आणि प्रेसनं उजव्या हाताची मधली तिन्ही बोटं नेली. अंगठा आणि करंगळी राहिली. कारखान्यानं हार, नारळ आणि "काळजी घे" एवढं देऊन त्याला घरी पाठवला. वर्ष होत आलं तरी दादा घरातच. गल्लीतल्या विळ्या-सुऱ्यांना धार लावून द्यायचा आणि जेवताना भिंतीकडं बघायचा. टूल बोथट झाल्याचं सांगायचं त्यानं बंद केलं होतं. त्याला ऐकू येतंय हे मला दिसायचं. घास तसाच थांबायचा.

ह्या सगळ्यात आमच्या चौकात केंद्र उघडलं. बेकार, अपंग, गरजू, सगळ्यांना चांगल्या नोकऱ्या मिळवून देणारं केंद्र. चालवणारे सर पुण्याहून आलेले. भिंतीवर जिल्ह्याचा मोठा नकाशा, आणि नकाशात टाचण्या. नाव नोंदवलं की पिवळी टाचणी, नोकरी लागली की हिरवी. नकाशा असा हिरवागार दिसायचा, जणू आमच्या जिल्ह्यात बेकार म्हणून कुणी उरलंच न्हवतं. फक्त केंद्राच्या बाकावर आम्ही पन्नास जण होतो, एवढंच. आम्ही त्यांना टाचणी सर म्हणायचो. तोंडावर न्हवं.

पहिल्या दिवशी सरांनी एकेकाला उभं करून नाव विचारलं. कुरुंदवाडचा एक पोरगा उठला, म्हणाला, "माजं नाव सदाशिव हाय."

"हाय," सर म्हणाले आणि हात हलवला. "मीही तुला हाय म्हणतो. कळलं का विनोद? 'आहे' म्हणायचं. 'हाय' म्हणणाऱ्याला कोण नोकरी देणार? असं पाहा, बिचारे तुम्ही हुशार असता, पण तोंड उघडलं की संपलं."

सदाशिव बिचारा त्या दिवशी बसला तो परत उठलाच न्हाय. वेल्डिंग करायचा तो, एकदम फर्स्ट क्लास. सरांनी महिनाभर त्याच्याकडनं आहे, नाही, होय घोटून घेतलं. वेल्डिंग येतं का हे विचारलं न्हाय. आजही अशी केंद्रं बघतो मी. आता नकाशा भिंतीवर नसतो, पडद्यावर असतो, एवढाच फरक. आणि 'असं पाहा' सुद्धा आता इंग्रजीत म्हणत्यात.

मी मात्र खूश होतो. असा आवाज मला आजवर मिळाला न्हवता. नाकातनं निघायचा, वर चढायचा, आणि 'बिचारा' ह्या शब्दावर येऊन असा अलगद बसायचा की ऐकणाऱ्याला स्वतःचीच दया यावी. आठ दिवसांत मी टाचणी सर झालो. बाकावर बसून सदाशिवला म्हणायचो, "असं पाहा सदाशिव, बिचारा तुझा चहा थंड होतोय." बाक हसून हलायचा.

दादाला केंद्रात मीच नेलता, आत्तीच्या आग्रहामुळं. त्याच्या हातात फॉर्म दिला. नाव, वय, शिक्षण, अपंगत्व किती टक्के. शेवटी रकाना, 'अपेक्षा'. बाकीच्या सगळ्यांनी तिथं 'नोकरी' लिहिलं होतं. दादानं डाव्या हातानं, लहान पोरासारख्या अक्षरात लिहिलं, 'लेथ'. सरांनी फॉर्म घेतला, चष्मा वर केला, 'लेथ' वर एक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'कोणतेही काम'.

"आपण व्यवहारी व्हायला हवं, नाही का?" सर म्हणाले आणि दादाच्या खांद्यावर हात ठेवला.

दादा त्या रेघेकडं बघत होता. म्हणाला, "व्हय सर."

"होय," सर म्हणाले.

पंधरवड्यात दादाला नोकरी लागली. मंगल कार्यालयाच्या गेटवर वॉचमन. दोन माप मोठा शर्ट, टोपी, शिट्टी. काम दोन, जेवणाच्या पत्रावळ्या टाकतात तिथली कुत्री हाकलायची आणि पाहुण्यांच्या गाड्या आल्या की सलाम ठोकायचा. दादा सलाम ठोकायचा अंगठा आणि करंगळीनं. चौथ्या का पाचव्या लग्नात तिथला मॅनेजर येऊन म्हणाला, तो हात खिशात ठेवत जा, मुलीकडच्या मंडळींना बरं वाटत नाही. दादा डाव्या हातानं सलाम करायला लागला, तर तो म्हणाला, डाव्या हातानं अपशकुन होतो. आठव्या दिवशी दादानं शर्ट घडी घालून परत दिला. शिट्टी धुऊन दिली. आत्तीनं विचारलं तर म्हणाला, "कुत्री बरी हुती."

मी केंद्रात गेलो आणि सरांना सांगितलं की दादानं नोकरी सोडली, हिरवी टाचणी काढा आणि त्याच्यासाठी लेथचं काम बघा.

"टाचणी कशी काढणार?" सरांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "नोकरी लागली, ती लागली. आणि एकदा हिरवी झाली की आपल्याला दुसऱ्यांकडे लक्ष द्यायला हवं. बिचारे किती थांबलेत बघ बाकावर."

म्हणजे बंडादादा नकाशात हिरवा होता आणि घरात बसून विळ्यांना धार लावत होता. त्याच दिवसांत आत्तीचं लाटणं हरवलं. सणाच्या पोळ्या लाटायचं, एका टोकाला चुलीत जळालेलं जुनं लाटणं. आत्तीनं आळ माझ्यावर घेतला. "त्यो काय नक्कल करायला घिऊन गेलाय की काय कुणाला ठावं," म्हणाली. मी शपथ घेतली तरी दोन दिवस माझ्या ताटात चटणी जास्त आणि आमटी कमी.

चौकाच्या पलीकडं अण्णांचं वर्कशॉप होतं. अण्णा सीमेकडचे, घरात कानडी, बाहेर मराठी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. दहा लेथ, आणि काम असं चोख की पंप बनवणारे कारखानदार रांगेत. अण्णांना टर्नर पायजे होता हे सगळ्या उद्यमनगरला ठाऊक. दादा एकदा गेलता. गेटवरच्यानं हात बघूनच परत पाठवला. आत अण्णांपर्यंत पोचलाच न्हाय. अण्णा माणूस घ्यायचे तो कुणी तरी शब्द टाकला तरच, हेही सगळ्यांना माहीत होतं. आणि शब्द टाकायचं काम करणारं केंद्र नकाशाला हिरवा रंग देत बसलेलं.

मग दुपारी मी चौकातल्या एसटीडी बूथमधे शिरलो, काच लावून घेतली आणि अण्णांचा नंबर फिरवला. घसा साफ केला. आवाज नाकात नेला.

"नमस्कार. रोजगार केंद्रातून बोलतोय."

"बर्री सर, बोला," अण्णा कानडीत मराठी मिसळून म्हणाले.

"असं पाहा, आमच्याकडे एक मुलगा आहे. बिचारा टर्नर होता. हाताला अपघात झाला. फार बिचारा हो. आपण समाजाचं काही देणं लागतो, नाही का?"

मी स्वतःवरच इतका खूश होतो की काचेत बघून चष्मा वर केला. नाकावर चष्मा न्हवता, तरी केला.

"ते झालं सर," अण्णा म्हणाले. "काम येतंय का त्याला?"

आणि इथं माझी नक्कल अडली. नकलाकाराला जे ऐकलंय तेवढंच काढता येतं. सरांचा आवाज मी महिनाभर ऐकला होता, त्यांच्या शिंकेसकट माझ्याकडं सगळं होतं. पण ह्या प्रश्नाचं उत्तर देताना मी सरांना कधी ऐकलंच न्हवतं. हा प्रश्न त्या केंद्रात कुणी विचारलाच न्हवता. मी आवाज शोधला, सापडला न्हाय, आणि तिकडं अण्णा थांबलेले. ते फोन ठेवतील असं वाटलं.

"येतंय म्हंजे काय पावणं," मी बोलून गेलो. "शेजारच्या शेडातली लेथ चालू असली की ह्यो घरात जेवता जेवता सांगतोय, टूल बोथट झालंय म्हणून. भिंतीपलीकडनं सांगतोय. बोटं गेल्यात, कान न्हाय गेलं. तुमच्या गेटवरच्यानं हात बघिटला आणि हाकलला. एकडाव मशीनवर उभा तरी करून बघा की."

बोलून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, काय काय बोललो ते. पुण्याचे सर, पावणं म्हणाले होते.

तिकडं अण्णा खाकरले. मग म्हणाले, "सर, मराठी लई सुधारली की तुमची."

मी फोन ठेवायला गेलो.

"उद्या सकाळी पाठवा त्याला. आणि पावणं, तुमी बी या संगट. आवाज बघायचाय मला."

दादाला मी एवढंच सांगितलं की केंद्रानं शब्द टाकलाय. त्यानं माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. सकाळी दाढी केली, पिशवी घेतली. पिशवीत भाकरी असेल असं मला वाटलं. अण्णांनी आधी मला बघितलं, वरपासनं खालपर्यंत, आणि म्हणाले, "तुमी असं लांब बसा सर." मग दादाला एका लेथपुढं नेलं, एक कच्चा शाफ्ट दिला, माप सांगितलं आणि स्वतः खुर्चीवर डोळे मिटून बसले. शेडातले बाकीचे काम सोडून बघायला लागले. दादानं टूल पुढं-मागं सरकवायच्या आडव्या स्लाइडच्या बारक्या हँडलला हात घातला. अंगठा आणि करंगळीत ते हँडल बसेना. दोनदा निसटलं. कुणी तरी हसलं. मी खाली बघायला लागलो.

दादानं पिशवी उघडली. भाकरी न्हवती. लाकडाची एक मूठ होती, आत खाच कोरलेली, बाहेरनं तळहाताच्या खड्ड्यात बरोबर बसेल अशी घासलेली. त्यानं ती हँडलवर दाबून बसवली, पट्टीनं आवळली आणि तळहातानं फिरवून बघितली. तिच्या एका टोकाला जळाल्याचा काळा डाग होता. आत्तीचं लाटणं. तो माणूस घरात बसून विळ्यांना धार लावत होता असं आम्ही सगळे समजत होतो, मी सुद्धा.

लेथ चालू झाली. तो लांब, बारीक, चर्रर्र आवाज, जो आम्ही वर्षानुवर्षं भाकरीबरोबर खाल्ला होता. पहिला शाफ्ट बिघडला. मायक्रोमीटरनं माप घेतलं, कमी भरला. दादानं काही सबब सांगितली न्हाय. अण्णांनी डोळे न उघडता म्हटलं, "दुसरा." दुसऱ्याला मधेच दादा थांबला, मान कलती केली, मशीन बंद केलं आणि टूल काढून घासायला गेला. अण्णांनी तेव्हा डोळे उघडले. मान हलवली, दादाला न्हवं, स्वतःशीच. दुसरा शाफ्ट मापात आला. तिसराही. चौथा अण्णांनी बघितलाच न्हाय.

"सोमवारपासनं ये," म्हणाले. "मस्टरवर नाव घालतो, पहिल्याच दिवसापासनं. गेटवरच्याला मी बोलतो. आणि ती मूठ आहे की न्हाय, ती बिडाची ओतून घेऊ. लाकूड तेलानं फुगतंय."

एवढंच. समाजाचं देणं वगैरे कायबी बोलले न्हाईत. माणूस पायजे होता, माणूस मिळाला. ह्याला चांगली नोकरी म्हणत्यात, हे मला तेव्हा कळलं. आणि ते कळायला नकाशा लागत न्हाय.

भानगड पुढं झाली. अण्णांनी सरळपणानं की मुद्दाम, देव जाणे, केंद्रात फोन करून आभार मानले. तुमच्या पावण्यानं चांगला माणूस दिला म्हणाले. दादाच्या नावावरनं सरांनी मला ओळखलं आणि बाकावरनं उठवून सगळ्यांसमोर झापलं. फसवणूक, तोतयेगिरी, पोलीस, सगळं झालं. पण सरांचं खरं दुःख वेगळंच होतं. "माझ्या आवाजात 'पावणं'?" ते म्हणाले, आणि आवाज खरंच कापत होता. "मी उभ्या जन्मात हा शब्द उच्चारलेला नाही. काय वाटलं असेल त्या गृहस्थांना?" केंद्रातनं माझं नाव काढून टाकलं. आणि मी दारातनं बाहेर पडताना मागं वळून बघितलं, तर सर नकाशापुढं उभे होते. उद्यमनगरच्या ठिकाणी दुसरी हिरवी टाचणी टोचत होते. माणूस एकच, टाचण्या दोन. मी एवढा हसलो की सदाशिव सुद्धा उठून उभा राहिला.

ते हसू घरापर्यंत पुरलं. आठवडाभर मी गल्लीला तो फोन करून दाखवला, सर, अण्णा, परत सर. पाचव्या का सहाव्या दिवशी दादा कामावरनं आला, तेलानं काळे हात धुतले, जेवायला बसला. मी आत्तीला फोनाची नक्कल करून दाखवत होतो. "बिचारा टर्नर होता, फार बिचारा हो," असं नाकात म्हटलं. आत्ती हसली. दादा हसला न्हाय. त्यानं भाकरी खाली ठेवली.

"अण्णांनी सांगितलं मला आज," म्हणाला. "फोनवर काय बोललास ते. सगळं."

"मग? काम झालं न्हवं?" मी म्हणालो.

"काम झालं. ते पावणं म्हणल्यावर झालं. त्याच्या आदी काय म्हणालास?"

"ती सरांची नक्कल हुती दादा. सर असंच बोलत्यात."

"सर बोलू देत. सर मला बिचारा म्हणला तवा मी कानच दिला न्हाय. त्याला काय ठावं मी कोण हाय ते." त्याचा आवाज चढला न्हवता, आणि तेच वाईट होतं. "तुला ठावं हाय. माज्या ताटात जेवलायस तू. तुज्या तोंडातनं आलंच कसं ते? दोनदा आलं. आणि आता रोज गल्लीला ऐकवालायस."

मी काही तरी गमतीचं बोलायला तोंड उघडलं. आत्तीनं माझ्याकडं बघून मान हलवली, नको म्हणून.

"आवाज काढ की कुणाचा बी," दादा म्हणाला. "पर कुणाच्या तोंडातलं काय उचलायचं, एवढं बी कळत न्हाय व्हय तुला? बी.ए. झालायस न्हवं?"

पलीकडं लेथ चालू होती. दादानं मान कलती केली, भिंतीकडं बघितलं आणि कितीतरी महिन्यांनी म्हणाला, "टूल बोथट झालंय त्याचं." मला वाटलं, संपलं बोलणं. मी हसायला लागलो. तर त्यानं कोपऱ्यातली मिरच्यांची पाटी पायानं माझ्याकडं सरकवली.

"ऊठ. ही घिऊन डंकावर जा. कुटून हुईपर्यंत तितंच उभा ऱ्हा. आणि काय बोलायचं असलं तर तितं बोल."